उद्योजकता शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे नेटवर्क: उभारणीचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

एखाद्या जिल्ह्यातील उद्योजकता शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी एकत्र यावे, असा विचार अनेक महाविद्यालयांत होतो आणि बहुतेक ठिकाणी त्याची सुरुवात शेवटच्या पायरीपासून केली जाते. आधी नाव आणि बोधचिन्ह ठरते, मग कार्यकारिणी जाहीर होते, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होते आणि व्हॉट्सॲपवर शे-दीडशे जणांचा गट तयार होतो. पुढचे सत्र उजाडेपर्यंत त्या गटावर सणांच्या शुभेच्छा आणि कार्यशाळांची पत्रके एवढेच उरलेले असते. ज्या प्राध्यापकाला सोमवारच्या तासाला काय शिकवावे असा प्रश्न पडला होता, त्याचा प्रश्न तसाच राहतो.

या लेखात सुचवलेला क्रम याच्या उलट आहे. आधी अध्यापनाचे सामाईक काम उभे करावे, ते काम टिकते असे दिसल्यावर नियम करावेत, आणि पैसा व नोंदणी यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. या क्रमाला साधारण दोन सत्रे लागतात. उदाहरणे कोल्हापूर-सांगली परिसरातील घेतली आहेत, कारण तेथे फौंड्री, यंत्रमाग, चांदीकाम, बेदाणा आणि हळद असे अगदी वेगळ्या स्वभावाचे व्यवसाय थोड्या अंतरावर सापडतात. इतर जिल्ह्यांतील वाचकांनी त्या जागी आपापले व्यवसाय ठेवावेत.

## टप्पा १: कोण, कोठे, काय शिकवते याची यादी

उद्योजकता हा विषय एकाच विभागात सापडत नाही. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांत तो पेपर म्हणून असतो, तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकीत वेगळ्या नावाने असतो, औषधनिर्माण, कृषी आणि गृहविज्ञान शाखांत तो एखाद्या घटकापुरता असतो. शिवाय काही प्राध्यापक पेपर शिकवत नाहीत, पण ई-सेल (विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष) किंवा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलने २०१८ मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिलचे, म्हणजे आयआयसीचे, काम पाहतात. या सर्वांची एकच यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहाव्यात: पेपरचे नाव, सत्र, आठवड्याच्या तासिका, अंतर्गत मूल्यमापनाचे स्वरूप आणि नियुक्तीचा प्रकार.

नियुक्तीचा प्रकार लिहिण्याचे कारण व्यावहारिक आहे. हा विषय अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडे दिलेला असतो. बैठकीला आलेल्या दिवशी त्यांच्या तासिका बुडतात आणि त्या तासिकांचे मानधनही बुडते. अशा सदस्यांना कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता बोलावणारे नेटवर्क त्यांना आपोआप बाहेर ठेवते, आणि मग प्रत्यक्ष शिकवणारी माणसे वगळून फक्त विभागप्रमुख उरतात.

यादी तयार झाली की त्यांतील दहा-बारा जणांशी प्रत्यक्ष किंवा फोनवर सविस्तर बोलावे. गुगल फॉर्म पाठवून हे काम उरकू नये. फॉर्मवर प्रत्येक जण ‘तज्ज्ञांची व्याख्याने हवीत’ असे लिहितो, कारण ते लिहायला सोपे असते. समोरासमोर विचारले की खऱ्या अडचणी बाहेर येतात: ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रकल्प कसा घ्यावा, विद्यार्थ्यांनी उतरवून आणलेले व्यवसाय आराखडे कसे ओळखावेत, शासकीय योजनांची माहिती दर वर्षी बदलते तेव्हा टिपणे कशी अद्ययावत ठेवावीत, स्वतः कधी धंदा केलेला नसताना विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना कसे सामोरे जावे.

तपासा: संभाषणांच्या नोंदींत किमान चार वेगवेगळ्या महाविद्यालयांतून आलेली एक तरी समान अडचण सापडली पाहिजे. ती सापडली नाही, तर पुढे जाऊ नये आणि आणखी काही जणांशी बोलावे.

## टप्पा २: उद्दिष्ट एका वाक्यात

‘उद्योजकतेची संस्कृती रुजवणे’ हे उद्दिष्ट म्हणून निरुपयोगी आहे, कारण ते कधी साध्य झाले आणि कधी झाले नाही हे कोणालाच सांगता येत नाही. उद्दिष्टाच्या वाक्यात कोणासाठी, कोणते काम आणि कधीपर्यंत या तिन्ही गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ: ‘येत्या दोन सत्रांत आठ महाविद्यालयांतील उद्योजकतेच्या प्राध्यापकांनी मिळून स्थानिक व्यवसायांवरील चार अध्यापन-प्रकरणे (वर्गात चर्चेसाठी लिहिलेल्या ‘केस स्टडी’) तयार करावीत आणि प्रत्येक प्रकरण किमान दोन वर्गांत वापरून पाहावे.’ एवढेच काम पुरेसे आहे.

या वाक्यात विद्यार्थ्यांचे स्टार्टअप उभे करणे, गुंतवणूकदार आणणे किंवा स्पर्धा भरवणे हे काहीही नाही, याकडे लक्ष द्यावे. ती कामे इन्क्युबेशन सेंटरची, म्हणजे नवे व्यवसाय उभे करायला मदत करणाऱ्या केंद्राची, आणि ई-सेलची आहेत. प्राध्यापकांच्या नेटवर्कने ती अंगावर घेतली की अध्यापनाचे काम मागे पडते, कारण स्पर्धेची तारीख ठरलेली असते आणि अध्यापनाच्या सुधारणेला तारीख नसते.

## टप्पा ३: प्राचार्यांशी बोलणे आणि परवानगी

पहिल्या बैठकीपूर्वी प्रत्येक सदस्याने आपल्या प्राचार्यांना एका पानाचे पत्र द्यावे. त्यात उद्दिष्टाचे वाक्य, वर्षभरातील बैठकांच्या तारखा, त्यांपैकी किती दिवस कर्तव्यरजा लागेल आणि महाविद्यालयाला त्यातून काय मिळेल, एवढेच असावे. बैठका शनिवारी दुपारनंतर ठेवल्या तर कर्तव्यरजेचा प्रश्न बराच हलका होतो.

महाविद्यालयाला काय मिळेल, हे स्पष्ट लिहावे. आयक्यूएसीला, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला, वर्षभर नोंदी हव्या असतात, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत नवोपक्रमविषयक कामाची दखल घेतली जाते आणि आयआयसीलाही उपक्रमांचे अहवाल सादर करायचे असतात. प्रत्येक कामाची तारीख, उपस्थिती आणि फलित यांची नोंद आपण देऊ, असे आश्वासन प्राचार्यांच्या दृष्टीने मोलाचे असते. मात्र अहवालात छायाचित्रे चांगली दिसावीत म्हणून बैठकीचे रूपांतर कार्यक्रमात करण्याची मागणी आली, तर ती नम्रपणे नाकारावी.

सावधान: परवानगी तोंडी घेऊ नये. प्राचार्य बदलले की तोंडी परवानगीही संपते.

## टप्पा ४: पहिली बैठक

पहिल्या बैठकीला आठ ते पंधरा जण असावेत. त्याहून अधिक संख्या झाली की चर्चा व्यासपीठाकडे तोंड करून होऊ लागते. सत्कार, दीपप्रज्वलन आणि बीजभाषण टाळावे. दोन तासांच्या बैठकीचे पुढील तीन भाग पुरेसे आहेत.

१. प्रत्येकाने गेल्या सत्रात न जमलेला एक तास पाच मिनिटांत सांगावा. चांगल्या झालेल्या तासांची गोष्ट पहिल्या बैठकीत नको, कारण एकदा यशोगाथा सुरू झाल्या की अडचण कोणी सांगत नाही. संयोजकाने स्वतः सुरुवात केल्यास इतरांचा संकोच जातो.

२. या अडचणींतून सत्राचे एक सामाईक काम निवडावे.

३. कामाची वाटणी, तारीख आणि पुढची बैठक ठरवून इतिवृत्त तेथेच लिहावे.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव ही पदे या बैठकीत ठरवू नयेत. एका सत्रापुरता एक संयोजक आणि एक नोंदी ठेवणारा सदस्य एवढे पुरे. पदांची चर्चा सुरू झाली, तर ती दुसऱ्या सत्रावर ढकलावी. तोपर्यंत काम कोण करते हे सर्वांना दिसलेले असते आणि निवड सोपी होते.

## टप्पा ५: सामाईक काम

नेटवर्क टिकते की नाही, हे या टप्प्यावर ठरते. पुढील चार कामांपैकी पहिल्या सत्रात एक किंवा फार तर दोन घ्यावीत.

### पहिले काम: स्थानिक अध्यापन-प्रकरण

आपल्या वर्गांत बहुधा परदेशी किंवा बंगळुरूच्या कंपन्यांची उदाहरणे शिकवली जातात. ज्या विद्यार्थ्याच्या घरात आठ माग आहेत, त्याला त्या उदाहरणांतून स्वतःच्या घरातील हिशेब वाचता येत नाही. म्हणून प्रकरण स्थानिक असावे आणि ते एखाद्या निर्णयाभोवती रचावे.

इचलकरंजीतील खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचे उदाहरण घेऊ. व्यापारी सूत देतो, यंत्रमागधारक जॉबवर्कवर कापड विणून देतो आणि त्याला प्रति मीटर, प्रति पीक (पीक म्हणजे कापडातील आडवा धागा) या हिशेबाने मजुरी मिळते. प्रकरणासाठी मागांची संख्या व प्रकार, सध्याचा मजुरीचा दर, वीजबिल, कामगारांना दिली जाणारी मजुरी, दुरुस्तीचा खर्च आणि पैसे हाती येण्यास लागणारे दिवस ही माहिती लागते. निर्णय असा असू शकतो: जुने माग विकून थोडे आधुनिक माग घ्यावेत, की आहे त्याच मागांवर स्वतःचे सूत घेऊन कापड विकावे? दुसऱ्या पर्यायात नफा अधिक दिसतो, पण खेळते भांडवल किती अडकते हे विद्यार्थ्याने काढले पाहिजे. व्यापाऱ्याकडून पैसे उशिरा येतात, हा मुद्दा निघाला की सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मधील ४५ दिवसांची कमाल मर्यादा आणि उद्यम नोंदणीचे (अशा उद्योगांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचे) महत्त्व ओघाने शिकवता येते. नोंदणी असूनही छोटा माणूस त्या तरतुदीचा आधार का घेत नाही, हा प्रश्नही वर्गात विचारावा, कारण एकाच व्यापाऱ्यावर अवलंबून असण्याचा अर्थ त्यातून कळतो.

तासगावच्या बेदाण्यावरील प्रकरण याहून वेगळे शिकवते. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो, म्हणून शेतकऱ्याला ताजी द्राक्षे विकावीत की शेडवर वाळवावीत, हा निर्णय दोन दरांच्या गुणोत्तरावर ठरतो. त्यात वाळवणीचा खर्च, अवकाळी पावसाची जोखीम आणि शीतगृहाचे भाडे मिळवले की एकक खर्चाचा पूर्ण धडा तयार होतो, आणि त्याला कोणतेही पाठ्यपुस्तक लागत नाही.

प्रकरण लिहिण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. व्यावसायिकाची लेखी संमती आधी घ्यावी. माहिती कशासाठी वापरली जाईल, नाव छापायचे की बदलायचे आणि अंतिम मसुदा त्याला दाखवला जाईल, या तीन गोष्टी संमतिपत्रात मराठीत लिहाव्यात.

२. भेटीला दोन प्राध्यापकांनी जावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे.

३. आकडे गुप्त ठेवायचे असल्यास सर्व रकमांना एकाच संख्येने गुणावे, म्हणजे प्रमाणे बिघडत नाहीत. मात्र कर, अनुदान किंवा वीजदराच्या टप्प्यांसारख्या ठरावीक मर्यादांशी संबंधित आकडे असतील, तर ही युक्ती वापरू नये, कारण गुणल्यावर तो व्यवसाय भलत्याच टप्प्यात जाऊन बसतो.

४. प्रकरणासोबत शिक्षकांसाठी टिपण लिहावे: तासाची विभागणी, अपेक्षित आकडेमोड, विद्यार्थी हमखास चुकतात त्या जागा.

५. लेखकाने स्वतःच्या वर्गात आणि दुसऱ्या महाविद्यालयातील सदस्याने त्याच्या वर्गात प्रकरण वापरून पाहावे. दुसऱ्याला ते केवळ टिपण वाचून शिकवता आले पाहिजे. लेखकाला फोन करावा लागला, तर टिपण अपुरे आहे.

तपासा: प्रकरणाच्या शेवटी दोन शहाण्या माणसांचे उत्तर वेगळे येऊ शकते का? येत नसेल, तर ती केवळ व्यावसायिकाची यशोगाथा आहे आणि पुन्हा लिहावी लागेल.

### दुसरे काम: एकमेकांचे तास पाहणे

याला फार विरोध होतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण तास पाहायला येणारा माणूस आजवर तपासणीसाठीच आलेला असतो. म्हणून तीन नियम आधीच लेखी ठरवावेत. पाहणाऱ्याला तास घेणाऱ्यानेच बोलवावे. पाहणाऱ्याने शिक्षक काय करतो यापेक्षा विद्यार्थी काय करत आहेत हे लिहावे. आणि ती नोंद तास घेणाऱ्याच्याच ताब्यात राहावी, प्राचार्यांकडे किंवा कोणत्याही मूल्यांकनाकडे जाऊ नये.

तासापूर्वी दहा मिनिटे बोलून कशाकडे लक्ष द्यायचे ते ठरवावे, आणि तासानंतर लगेच अर्धा तास बसावे. ‘गटकार्यात मागच्या बाकावरच्या मुली बोलत होत्या का’ असा नेमका प्रश्न असेल, तर चर्चा नेमकी होते. ‘कसा वाटला तास’ असे विचारले की ‘छान’ याखेरीज उत्तर मिळत नाही.

### तिसरे काम: योजना आणि नियमांचे सामाईक टिपण

या कामाचा फायदा सर्वांत लवकर दिसतो. सूक्ष्म उद्योगाची व्याख्याच पाहावी. २००६ च्या कायद्यात उत्पादन क्षेत्रातील सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची मर्यादा २५ लाख रुपये होती. १ जुलै २०२० पासून गुंतवणूक १ कोटी आणि उलाढाल ५ कोटी अशी दुहेरी कसोटी आली. १ एप्रिल २०२५ पासून ती गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी अशी झाली. तरीही जुन्या टिपणांतील २५ लाखांचा आकडा आजही फळ्यावर लिहिला जातो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाबाबतही असाच गोंधळ दिसतो. उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपये अशी प्रकल्प खर्चाची कमाल मर्यादा, सर्वसाधारण प्रवर्गासाठी शहरी भागात १५ टक्के व ग्रामीण भागात २५ टक्के आणि विशेष प्रवर्गांसाठी अनुक्रमे २५ व ३५ टक्के अनुदान, तसेच अर्जदाराचा स्वतःचा १० किंवा ५ टक्के हिस्सा, हे सर्व एकत्र सांगितले नाही, तर विद्यार्थी अनुदानालाच भांडवल समजून आराखडा करतात. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम वेगळा आहे, त्याच्या अटी वेगळ्या आहेत आणि दोन्हींची सरमिसळ उत्तरपत्रिकांत सर्रास आढळते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक सदस्याने एक योजना किंवा एक कायदा वाटून घ्यावा आणि दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात मूळ शासन निर्णय किंवा अधिसूचना पाहून आपले पान अद्ययावत करावे. प्रत्येक पानावर ‘शेवटची तपासणी’ ही तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव असावे. वर्तमानपत्रातील बातमी किंवा यूट्यूबवरील चित्रफीत आधार म्हणून चालणार नाही.

### चौथे काम: गुणदानाची तुलना

व्यवसाय आराखड्याला गुण देताना प्राध्यापकांत किती फरक पडतो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. विद्यार्थ्यांची नावे काढून पाच आराखडे निवडावेत, सहा सदस्यांनी ते स्वतंत्रपणे तपासावेत आणि मगच गुण शेजारी शेजारी मांडावेत. मोठा फरक पडलेल्या आराखड्यावर चर्चा केली की कोण रंगीत आलेखांना गुण देतो, कोण भाषेला देतो आणि कोण आकड्यांच्या आधाराला देतो, हे स्पष्ट होते.

या चर्चेतून गुणदानाचा तक्ता तयार करावा. माझ्या मते त्यात सर्वाधिक वजन पुराव्याला असावे: विद्यार्थ्याने किती संभाव्य ग्राहकांशी बोलून पाहिले, कच्च्या मालाचे दरपत्रक कोणाकडून आणले, पहिल्या वर्षीच्या विक्रीचा अंदाज कशावरून केला. ‘बाजारपेठेच्या फक्त एक टक्का हिस्सा मिळाला तरी पुरे’ या छापाच्या अंदाजाला शून्य गुण द्यावेत, असे सर्वांनी मिळून ठरवले की एकाच वर्षात आराखड्यांचे स्वरूप बदलते.

## टप्पा ६: बाहेरच्या संस्था आणि उद्योजक जोडणे

पहिले सामाईक काम हातात आल्यावरच बाहेर जावे. जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे जिल्हा कार्यालय, अग्रणी बँकेचे (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या बँकेचे) जिल्हा व्यवस्थापक, औद्योगिक वसाहतींतील उद्योजक संघटना आणि विद्यापीठाचे इन्क्युबेशन केंद्र यांच्याकडे ‘सहकार्य करावे’ असे पत्र नेले, तर सामंजस्य कराराचा कागद मिळतो आणि बाकी काहीच घडत नाही. त्याऐवजी नेमकी मागणी करावी. अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना ‘कर्जासाठी आलेला प्रस्ताव कोणत्या कारणांनी परत जातो, हे आमच्या बारा प्राध्यापकांना एका दुपारी समजावून सांगाल का?’ असे विचारल्यास बहुधा होकार मिळतो, आणि त्या दुपारी जे कळते ते वर्षभर वर्गात उपयोगी पडते.

उद्योजकांना वर्गात बोलावतानाही विषय बांधून द्यावा. ‘आपला प्रवास सांगा’ असे म्हटले की बालपणापासून सुरुवात होते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्री-मालकाला ‘एका कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, दर आपण ग्राहकाला कसा सांगता, ते फळ्यावर मांडून दाखवा’ अशी विनंती केली, तर रिजेक्शनचे (नापास होणाऱ्या मालाचे) प्रमाण, वीज, पॅटर्नचा (साचा बनवण्याच्या नमुन्याचा) खर्च आणि उधारी हे सगळे त्या एका उदाहरणात येते.

सावधान: प्रशिक्षण विकणाऱ्या किंवा विद्यार्थ्यांकडून शुल्क घेऊन ‘स्टार्टअप प्रमाणपत्र’ देणाऱ्या संस्थांशी नेटवर्कच्या नावाने करार करू नये. अशा संस्थेच्या पत्रकावर एकदा सदस्य महाविद्यालयांची नावे छापली गेली, की ती काढून घेणे फार कठीण जाते.

## टप्पा ७: सदस्यत्व, माहिती आणि खर्चाचे नियम

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला दोन पानांची नियमावली करावी. पहिला प्रश्न सदस्यत्व व्यक्तीचे की संस्थेचे, हा आहे. ब्रिटनमधील ‘एंटरप्राइज एज्युकेटर्स यूके’ या नेटवर्कमध्ये विद्यापीठे आणि महाविद्यालये सदस्य असतात. अमेरिकेतील ‘यूएसएएसबीई’ या उद्योजकता-शिक्षकांच्या संघटनेमध्ये प्राध्यापक व्यक्तिशः सभासद होऊ शकतात. आपल्याकडे जिल्हा पातळीवर सुरुवातीला व्यक्तिगत सदस्यत्व अधिक सोयीचे ठरते, कारण संस्थेचे सदस्यत्व घेतले की शिकवणाऱ्याऐवजी त्या दिवशी मोकळा असणारा माणूस पाठवला जातो. शिवाय तासिका तत्त्वावरील प्राध्यापक पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात गेला, तरी त्याचे सदस्यत्व कायम राहते.

सदस्यत्वाची अट पदनामावर ठेवू नये. ‘सत्रात एक तरी सामाईक काम पूर्ण करणारा’ ही अट पुरेशी आहे, आणि ती सर्वांना सारखीच लागू करावी.

साहित्याच्या मालकीबाबत आधीच ठरवावे. प्रकरणावर लेखकाचे नाव राहील, सदस्यांना ते वर्गात विनामूल्य वापरता येईल, आणि लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही ते पुस्तकात किंवा मार्गदर्शिकेत छापणार नाही. हे लिहिलेले नसेल, तर पहिला वाद येथेच होतो.

विद्यार्थ्यांचे आराखडे, दूरध्वनी क्रमांक किंवा उद्योजकांचे ताळेबंद गटावर टाकू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेता संमतीविना अशी माहिती फिरवणे जोखमीचे आहे, आणि कायदा नसता तरी ते अयोग्यच होते. साहित्य एका सामाईक ड्राइव्हवर ठेवावे आणि व्हॉट्सॲप गट केवळ तारखा व सूचना यांसाठी वापरावा.

खर्चाबाबत पहिल्या वर्षी एकच नियम पाळावा: नेटवर्कच्या नावाने पैसे गोळा करायचे नाहीत. यजमान महाविद्यालयाने खोली आणि चहा द्यावा, प्रवासखर्च ज्याने त्याने किंवा त्याच्या महाविद्यालयाने करावा. एखाद्या कार्यशाळेसाठी शुल्क घेणे अटळ झाले, तर ते यजमान महाविद्यालयाच्या खात्यात पावतीसह घ्यावे. कोणत्याही सदस्याच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर रक्कम घेऊ नये, मग ती शंभर रुपये का असेना.

## टप्पा ८: नोंदणी, पण गरज असेल तरच

अनुदान, देणगी किंवा पगारी मदतनीस यांची खरी गरज निर्माण झाली असेल, तरच नोंदणीकडे वळावे. महाराष्ट्रात अशा कामासाठी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करण्याचा मार्ग रूढ आहे, आणि त्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यक्षेत्रीय कार्यालयात जावे लागते. संस्थेसाठी किमान सात व्यक्ती लागतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी हा दुसरा पर्याय आहे, पण वार्षिक विवरणपत्रांचा भार पाहता लहान शिक्षकगटाला तो सहसा परवडत नाही.

अर्जापूर्वी तीन गोष्टी पूर्ण असाव्यात. पदाधिकारी होणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या सेवानियमांत बाहेरील संस्थेचे पद घेण्यास परवानगी लागते का, हे पाहून ती लेखी घ्यावी. घटनेत पदांचा कालावधी, निवडणुकीची पद्धत आणि एका व्यक्तीने सलग किती वेळा पद घ्यावे, हे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या संस्थेची घटना जशीच्या तशी उतरवू नये. तसेच ३१ मार्चअखेरचे हिशेब कोण लिहील आणि लेखापरीक्षण कोण करील, हे नावानिशी ठरवावे.

नोंदणीनंतर होणारी सर्वांत मोठी चूक चेंज रिपोर्टची आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदलाची नोंद धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावी लागते. बदली, निवृत्ती आणि महाविद्यालय सोडून जाणे हे प्राध्यापकांच्या बाबतीत सतत घडते. त्यामुळे दोन-तीन बदल साचतात, बँक सही स्वीकारत नाही आणि कामाऐवजी कागदपत्रांवर वर्ष जाते. पदाधिकाऱ्यांचा बदल ज्या सभेत होईल, त्याच सभेत अर्जावरील सह्या घ्याव्यात.

## टप्पा ९: वार्षिक तपासणी आणि संयोजकाची अदलाबदल

मे महिन्यात, परीक्षांचे काम हलके झाल्यावर, एक बैठक केवळ तपासणीसाठी ठेवावी. किती बैठका झाल्या आणि गटावर किती सदस्य आहेत, हे मोजण्याची गरज नाही. चार प्रश्न पुरेसे आहेत. किती प्रकरणे लेखकाशिवाय दुसऱ्या कोणीतरी वर्गात वापरली? योजनांच्या टिपणातील किती पानांवर चालू सत्राची तारीख आहे? किती सदस्यांनी एकमेकांचा तास पाहिला? गेल्या वर्षी आलेल्यांपैकी कोण येईनासे झाले आणि का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गृहीत न धरता त्या सदस्यांना फोन करून विचारावे. बैठकीची वेळ, प्रवासाचे अंतर किंवा चर्चेत एका शाखेचेच वर्चस्व, यांपैकी एक कारण बहुधा निघते आणि तिन्हींवर उपाय करता येतो.

संयोजक दर वर्षी बदलावा आणि नवा संयोजक शक्यतो वेगळ्या शाखेचा, वेगळ्या तालुक्याचा असावा. जुन्या संयोजकाने ड्राइव्हचे अधिकार, संमतिपत्रांची फाइल, संस्थांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती, प्राचार्यांची परवानगीपत्रे आणि अपूर्ण कामांची यादी एकाच दिवशी, दोन साक्षीदार सदस्यांसमोर सुपूर्द करावी. ड्राइव्ह एखाद्याच्या खासगी ईमेलवर असेल, तर सुपूर्तीपूर्वी तो नेटवर्कच्या नावाने उघडलेल्या स्वतंत्र खात्यावर हलवावा, आणि त्या खात्याचा पासवर्ड दोन जणांकडे असावा.